कोयनेचा आलेख आणि हरवलेलं वजाचं चिन्ह

१० जुलै २०२४ च्या सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. नांदेड, परभणी आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही तो जाणवला. त्याच वर्षी २१ मार्चलाही सकाळी सहानंतर तिकडेच लागोपाठ दोन धक्के बसले होते. फुलसावंगीहून (महागाव तालुका, पैनगंगेच्या खोऱ्यातलं आमचं गाव) फोन आले. भांडी वाजली, लोक अंगणात आले, नुकसान काही नाही. एका काकांनी नुकतीच विहिरीपासून वावरापर्यंत पाइपलाइन टाकली होती. त्यांची काळजी वेगळीच. "काय रे बाबू, भूकंपानं पाइप फुटते काय?"

काकांच्या पीव्हीसी पाइपचं उत्तर पुढे येईलच. पण पाइप आणि भूकंप हा विषय एकदा डोक्यात शिरला तो काही निघेना. मी सॉफ्टवेअरवाला, सिव्हिल-मेकॅनिकल माझं क्षेत्र नाही. तरी वाचत गेल्यावर लक्षात आलं की या सगळ्याच्या मुळाशी डेटा दाबून छोटा करण्याची एक युक्ती आहे. आणि ती युक्ती नक्की काय फेकून देते हे एका प्रोग्रॅममध्ये विसरलं गेलं म्हणून अमेरिकेत एका आदेशाने पाच अणुवीज केंद्रं बंद करावी लागली होती. तेव्हा आता हक्काने लिहितो.

आधी थोडं मागे जाऊ. १९०८ साली इटलीत मेसिनाला प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर तिथल्या इंजिनिअरांनी एक सोपा नियम काढला: इमारतीच्या वजनाचा ठराविक हिस्सा आडवा ढकलतोय असं समजा आणि तेवढं बळ सोसेल अशी इमारत बांधा. नियम सोपा, गणित सोपं, आणि काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा. पण त्यात एक गोष्ट नव्हती. इमारत स्वतः कशी डुलते याचा त्या नियमाला पत्ताच नव्हता.

वावरात उभं राहून पाहिलेल्याला हे सांगायला नको. वारा एकच असतो, पण ज्वारी एका चालीने डुलते, पऱ्हाटी दुसऱ्या, आणि बांधावरचा बाभूळ जवळजवळ हलतच नाही. प्रत्येकाची डुलण्याची आपली एक चाल असते. वाऱ्याचे झोत त्या चालीशी जुळले तर धांडा पार आडवा होतो, नाही जुळले तर नुसता थरथरतो. झोका देताना आपण हेच करतो की. जोर महत्त्वाचा नाही, वेळ महत्त्वाची.

मॉरिस बियो नावाच्या बेल्जियन तरुणाने १९३२ साली कॅलटेकमध्ये, फॉन कारमान यांच्या हाताखाली केलेल्या पीएचडीत हे गणितात बसवलं. कल्पना अशी. जमिनीवर काठ्यांची रांग रोवा, प्रत्येकीच्या टोकाला एक वजन. पहिली काठी ताठ, सेकंदात दहा वेळा हलणारी. शेवटची लवचिक, दोन सेकंदांत एकदा हलणारी. आता भूकंपाने जमीन जशी हलली तशी ही सगळी रांग हलवा. प्रत्येक काठी जास्तीत जास्त किती हलली तेवढाच आकडा टिपून ठेवा. कधी हलली, डावीकडे की उजवीकडे, कितीदा, सगळं सोडून द्या. आडव्या अक्षावर काठीचा पीरियड, उभ्या अक्षावर हा सर्वात मोठा आकडा. झाला तुमचा रिस्पॉन्स स्पेक्ट्रम.

इथे मी थबकलो. तीस सेकंदांचा वेडावाकडा आलेख गेला, हातात राहिली एकच रेघ. ही परत न उलगडणारी झिप फाइल आहे! स्पेक्ट्रमवरून मूळ भूकंप परत काढता येत नाही. पण इंजिनिअरला मूळ भूकंप हवाच कुठे असतो? त्याला हवं असतं एवढंच, की "माझ्या या वस्तूचा पीरियड इतका, तर तिला जास्तीत जास्त किती सोसावं लागेल?" रेघेवर बोट ठेवायचं आणि आकडा वाचायचा. शिवाय पुढचा भूकंप मागच्यासारखा हुबेहूब येणारच नाही. अनेक भूकंपांचे स्पेक्ट्रम एकावर एक ठेवून त्यांना पोटात घेणारी गुळगुळीत रेघ काढता येते. फेकून दिलेली माहिती हाच त्या युक्तीचा फायदा आहे.

गंमत म्हणजे बियोने हे मांडलं तेव्हा मोठ्या भूकंपाची जवळून घेतलेली चांगली नोंद जगात नव्हतीच. पहिली मिळाली मार्च १९३३ च्या लाँग बीच भूकंपात. मग १८ मे १९४० ची एल सेन्ट्रोची नोंद आली, जिच्यावर पुढची कित्येक वर्षं साऱ्या जगाने गुजराण केली. संगणक नव्हते, म्हणून बियोने पीळ बसणाऱ्या तारेवर लटकलेल्या लोलकाचं एक यंत्र वापरलं, १९४१ च्या लेखात त्याचं वर्णन आहे. एक रेघ काढायला साधारण आठ तास लागत. आज माझा लॅपटॉप ते काम मी एंटर दाबून बोट उचलायच्या आत करतो. असो.

आपल्याकडे हे शास्त्र रुजवलं ते रुरकीच्या प्रा. जय कृष्ण यांनी. भूकंप अभियांत्रिकीचं स्वतंत्र केंद्र तिथे १९६० साली सुरू झालं आणि १९६२ साली भारताचं भूकंपासाठीचं पहिलं मानक, आयएस १८९३, निघालं. पण हातात नोंदी होत्या त्या कॅलिफोर्नियाच्या. आपल्या मातीचा आलेख नव्हता. आणि दख्खनचं पठार तर भूकंपाच्या बाबतीत अगदी निर्धास्त समजलं जायचं.

मग कोयना. शिवाजीसागर जलाशय १९६२ च्या सुमारास भरू लागला आणि परिसरात लहान लहान धक्के बसू लागले. पुण्याजवळच्या खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था त्यांच्यावर लक्ष ठेवून होती. १३ सप्टेंबर १९६७ ला एक बऱ्यापैकी मोठा धक्का बसला. आणि ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. तीव्रता सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान. लोक झोपेत होते. जवळपास दोनशे माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली. कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. धक्का मुंबईपर्यंत जाणवला.

त्या पहाटे धरणाच्या १-ए क्रमांकाच्या ब्लॉकमधल्या गॅलरीत एक अ‍ॅक्सेलरोग्राफ चालू होता. त्याने जे कागदावर उतरवलं ते पाहून रुरकीच काय, जगभरचे लोक चकित झाले. धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ जी, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ जी, उभ्या दिशेने ०.३४ जी. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण. म्हणजे क्षणभर वस्तूला तिच्या वजनाच्या साठ टक्क्यांहून जास्त बळाने आडवं ढकललं गेलं. तोवर जगात नोंदल्या गेलेल्या सर्वात जोरदार हादऱ्यांत याची गणना. एल सेन्ट्रोचा आकडा ०.३५ च्या आसपास होता.

आणि धरणाच्या डिझाइनमध्ये धरलेला आकडा? ०.०५. मेसिनाच्या परंपरेतला, सगळ्या उंचीला सारखाच.

१०३ मीटर उंचीचं ते धरण पडलं नाही, ही त्या बांधणाऱ्यांची पुण्याई. पण तडे गेले, आणि ते कुठे गेले हे महत्त्वाचं आहे. जुन्या हिशोबाने धोका असलाच तर पायथ्याशी. तडे गेले वरच्या भागात, माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, जिथे धरणाचा मागचा उतार एकदम बदलतो, मान आखडल्यासारखा. चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी १९७३ साली बर्कलीत गणित करून दाखवलं की धरणाचं स्वतःचं डुलणं हिशोबात घेतलं तर सर्वात जास्त ताण बरोबर त्या मानेतच येतो. धरणाचा आपला पीरियड एक तृतीयांश सेकंदाच्या आसपास. जुन्या नियमाला हे दिसणंच शक्य नव्हतं, कारण त्यात पीरियड नावाची गोष्टच नव्हती. नंतर धरणाला मागून काँक्रीटचे धिरे देऊन मजबूत केलं गेलं.

जय कृष्ण, चंद्रशेखरन आणि सैनी यांनी १९६९ साली कोयनेच्या आलेखाचं विश्लेषण आणि त्याचे स्पेक्ट्रम प्रसिद्ध केले. हादरा थोडाच वेळ टिकला होता, पण अतिशय झटपट लयीचा. म्हणजे स्पेक्ट्रमचा उंचवटा छोट्या पीरियडकडे. उंच, संथ डुलणाऱ्या इमारतींपेक्षा बुटक्या, ताठ वस्तूंना हा वाईट. दगडमातीची घरं त्यात येतात. आणि ज्यांच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही ते कारखान्यातले पाइपही त्यातच येतात. आधारांवर टांगलेला एखादा पोलादी पाइप सेकंदाला पाच-दहा-पंधरा वेळा हलतो. बरोबर त्याच पट्ट्यात.

आता पाइपांकडे. तुम्ही म्हणाल, स्पेक्ट्रम आहे, पाइपचा पीरियड आहे, बोट ठेवा आणि आकडा वाचा. इतकं सोपं नाही. पाइप जमिनीवर नसतो, तो इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर टांगलेला असतो. त्याला जमीन दिसतच नाही, त्याला दिसतो मजला. महागावहून यवतमाळला एसटीच्या मागच्या सीटवर बसून गेलेल्यांना हे लगेच कळेल. रस्ता सगळ्यांना एकच, पण ड्रायव्हरमागे बसलेला माणूस आणि मागच्या बाकावर बसलेला माणूस यांचे दणके वेगळे. गाडीच रस्त्याचे खड्डे बदलून आपल्यापर्यंत पोचवते. आणि खिडकीच्या दांडीला अडकवलेली पिशवी गाडीच्या हिसक्यांशी जुळली की आपल्यापेक्षाही जोरात हेलकावते.

म्हणून आधी इमारतीचं गणित करायचं, प्रत्येक मजल्याची हालचाल काढायची आणि त्या हालचालीवरून नवीन स्पेक्ट्रम काढायचा, त्या मजल्याचा. यात इमारतीच्या स्वतःच्या लयीवर उंच सुळके येतात. पण काँक्रीट प्रत्यक्षात किती ताठ हे कुणी शपथेवर सांगू शकत नाही, म्हणून ते सुळके दोन्ही बाजूंना साधारण १५ टक्के रुंद करायचे. मला ही पद्धत फार प्रामाणिक वाटते. आपल्याला जे पक्कं माहीत नाही तेवढी जागा आकृतीत मोकळी ठेवायची.

पुढे पाइपच्या प्रत्येक लयीसाठी त्या रेघेवरून एकेक आकडा वाचायचा. समजा एका कोपराच्या जागी तीन लयींचे ताण आले ३०, २० आणि १०. एकूण किती? सरळ बेरीज ६०. पण तिन्ही लयी एकाच क्षणी टोकाला पोचतील असं नाही, आणि कोण कधी पोचतो ही माहिती तर आपण स्पेक्ट्रम काढतानाच फेकून दिली. मग वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं: ९०० अधिक ४०० अधिक १००, वर्गमूळ साधारण ३७. संभाव्यतेच्या दृष्टीने हा अंदाज चांगला बसतो. दोन लयींचे पीरियड अगदी शेजारी असतील तर मात्र फसतो, कारण त्या जोडीने हलतात. त्यासाठी वेगळे नियम आले, पुढे १९८१ मध्ये विल्सन, डेर किउरेगियान आणि मंडळींनी त्याची जास्त नीट पद्धत दिली.

आता १९७९ ची गोष्ट. अमेरिकेत बीव्हर व्हॅली नावाच्या अणुवीज केंद्राच्या पाइपिंगचं गणित नव्या प्रोग्रॅमवर परत करून पाहिलं गेलं आणि जुन्या उत्तरांशी ते जुळेना. खोदून पाहिल्यावर कळलं की जुना प्रोग्रॅम आडव्या आणि उभ्या भूकंपाचे ताण चिन्हासकट बेरीज करत होता. म्हणजे आडव्या धक्क्याचा ताण अधिक ३०, उभ्याचा वजा २५, तर उत्तर ५. पण स्पेक्ट्रममधून आलेल्या आकड्याचं चिन्ह खरं नसतंच! सर्वात मोठा हेलकावा डावीकडे होता की उजवीकडे हे आपण कधीच सोडून दिलेलं आहे. वर्गमूळ घेतलं तर तिथे ३९ यायला हवे होते.

सॉफ्टवेअरवाल्यांनी हे जरा थांबून बघावं. ती बेरजेची ओळ मूर्खपणाची नव्हती. पूर्ण वेळेचा आलेख घेऊन क्षणाक्षणाचं गणित करत असाल तर चिन्हासकट बेरीज हेच बरोबर उत्तर आहे. ओळ तीच, एका पद्धतीत बरोबर आणि दुसरीत घातक, कारण आत येणाऱ्या आकड्याचा अर्थ बदलला. कंपायलरला दोन्ही सारखेच. क्रॅश नाही, एरर नाही, छान दिसणारे छोटे छोटे ताण. कुणाला शंका यावी तर ती आनंद होण्याआधी यायला हवी. :-)

१३ मार्च १९७९ ला अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने पाच केंद्रं बंद करण्याचा आदेश काढला: बीव्हर व्हॅली १, फिट्झपॅट्रिक, मेन यांकी, सरी १ आणि सरी २. सगळ्यांचं पाइपिंग एकाच कंपनीच्या, स्टोन अँड वेब्स्टरच्या, त्या प्रोग्रॅमने तपासलेलं. गणितं परत करून, लागतील तिथे आधार वाढवून मगच ती चालू झाली. दोनच आठवड्यांनी, २८ मार्चला, थ्री माइल आयलंडचा अपघात झाला आणि हे प्रकरण लोकांच्या स्मरणातून साफ पुसलं गेलं. त्याचं मला वाईट वाटतं.

यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. सगळे आकडे मोठे धरायचे, सगळ्या पायऱ्यांवर खबरदारी घ्यायची, आणि उत्तर फार मोठं आलं की अजून एक आधार लावायचा. पण पाइपला घट्ट बांधून ठेवणंही परवडत नाही. वीस मीटरचा पोलादी पाइप २५० अंशांनी तापला तर जवळपास ६ सेंटिमीटर लांबतो. त्याला जागा दिली नाही तर तो भूकंपाची वाटच बघणार नाही, रोज चालू-बंद होतानाच थकून चिरेल. यावर तोडगा होता स्नबर. गाडीतला सीटबेल्ट जसा हळू ओढला तर सुटतो आणि झटका बसला की अडकतो, तसंच हे उपकरण. एकेका केंद्रात असे शेकड्यांनी, कुठे हजारावर लावले गेले. आणि सीटबेल्ट जसा कधीकधी उगाचच अडकून बसतो तसे हेही बसू लागले. भूकंपाच्या कल्पित भीतीपायी रोजच्या तापमानाचा खरा त्रास ओढवून घेतला.

ऐंशीच्या दशकात प्रयोगशाळांत दाबाखालचे पाइप शेक टेबलवर अक्षरशः फुटेपर्यंत हलवले गेले. डिझाइनच्या कितीतरी पट हादरे त्यांनी पचवले. कोसळला असा जवळपास कुणीच नाही. जे फुटले ते हेलकाव्यागणिक थोडं थोडं कायमचं फुगत, थकत जाऊन. याला रॅचेटिंग म्हणतात. आपल्याकडे बीएआरसीच्या लोकांनीही पोलादी पाइप आणि कोपरांवर असे प्रयोग केले आहेत. १९८४ च्या सुमारास अमेरिकन कोडने पाइपच्या डॅम्पिंगचे आकडे सैल केले, आणि बऱ्याच केंद्रांनी स्नबर काढायला सुरुवात केली.

तारापूरची पहिली दोन युनिट १९६९ साली सुरू झाली. त्यांचा करार आणि डिझाइन कोयनेच्या भूकंपाआधीचं, त्यामुळे कोयनेने शिकवलेलं त्यात मुळात नसणार हे उघडच आहे. पुढे या युनिटांची भूकंपाच्या दृष्टीने नव्या पद्धतींनी फेरतपासणी झाली आणि २००५-०६ मध्ये ती बंद ठेवून सुधारणा केल्या गेल्या. २०२० मध्ये ती परत बंद झाली ती रीसर्क्युलेशनचं पाइपिंग बदलण्यासाठी. पन्नास वर्षांत त्या पाइपांना मोठ्या भूकंपाने छळलं नाही, छळलं ते गरम पाण्याने आणि गंजाने. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात काक्रापार केंद्र तर चालूच राहिलं होतं.

आणि काकांचा प्रश्न? त्याचं उत्तर जपानात मिळतं. १६ जुलै २००७ ला काशिवाझाकी-कारिवा या अवाढव्य केंद्राला डिझाइनपेक्षा कितीतरी जोराचा धक्का बसला. अणुभट्ट्यांचं महत्त्वाचं पाइपिंग टिकलं. पण बाहेर एका ट्रान्सफॉर्मरला आग लागली, आणि ती विझवायला पाणी मिळेना, कारण आग विझवण्याच्या पाण्याचे जमिनीतले पाइप तुटले होते. गाडलेला पाइप डुलत नाही, माती जाईल तसा जातो. भराव एकीकडे खचला आणि दुसरीकडे नाही, की सांध्याला उखडतो. तिथे स्पेक्ट्रमचा काही उपयोग नाही. काकांना सांगितलं, साडेचारच्या धक्क्याने लाइनला काही होत नाही, पण विहिरीच्या काठाशी जिथे नवी माती भरलीय तिथला जोड बघत जा. "ते तं पावसाळ्यातबी पाहाच लागते," काका म्हणाले.

जाता जाता, एक गोष्ट माझ्या धंद्यातली. अ‍ॅबॅकस हे जगभर वापरलं जाणारं विश्लेषणाचं सॉफ्टवेअर. त्याच्या मॅन्युअलमध्ये भूकंपाच्या गणिताचा एक नमुना दिलेला आहे, आणि ते धरण आहे कोयना. ब्राझीलपासून कोरियापर्यंतचे विद्यार्थी तो नमुना चालवून हे शिकतात. सोबतच्या फाइलमध्ये ११ डिसेंबर १९६७ च्या त्या पहाटेचे दहा सेकंद आहेत, अधिक-वजा चिन्हांसकट, एकाखाली एक.